बोटांना न लागलेला काटा

काटा निघाला तेव्हा डॉक्टरबाईंनी तो कापसाच्या बोळ्यावर ठेवून आम्हाला दाखवला. बांगड्याचा काटा, नखाएवढा. माझी धाकटी मुलगी केतकी खुर्चीत मान मागे टाकून बसली होती. घसा बधीर करायचा स्प्रे मारल्यामुळे तिला धड बोलता येत नव्हतं, डोळ्यांतून नुसतं पाणी येत होतं.

"वय काय हिचं?" डॉक्टरांनी मला विचारलं.

"एकोणतीस."

"आणि अजून काटे बघून खाता येत नाही?"

"काटे मी काढून देतो," मी म्हणालो.

त्या हसल्या. "इंजिनिअर मुलगी, पुढच्या महिन्यात जर्मनीला चाललीय म्हणता, आणि काटे बाबा काढून देतात?"

"लहानपणापासून. आजवर एकही राहिला नव्हता."

"मग आज कसा राहिला?"

"हाताला लागला नाही."

हे मी, आज दूधवाला आला नाही असं सांगावं तसं सांगितलं. डॉक्टर मात्र हात धुता धुता थांबल्या. नळ तसाच वाहत होता. मग माझ्यासमोर येऊन म्हणाल्या, "डोळे मिटा काका." माझ्या तळहातावर त्यांनी काहीतरी ठेवलं. "चाचपून सांगा, काय आहे?"

मी बराच वेळ चाचपलं. "नाणं," म्हणालो. डोळे उघडले तर किल्ली होती.

"चालताना तोल जातो?"

"नाही," मी म्हणालो. केतकीला बोलता येत नव्हतं, पण तिने खुर्चीतल्या खुर्चीत जोरजोरात मान हलवली. हो, जातो.

डॉक्टर म्हणाल्या, "हा माझा विषय नाही. मी कान, नाक, घसा बघते. पण उद्याच्या उद्या मानेचा एमआरआय करून घ्या. हाताचा नाही, मानेचा. आणि तोवर जिन्यावर कठडा धरून चाला."

माझा आजार असा सापडला. मुलीच्या घशात.

हे लिहायला घेतलं ते त्या डॉक्टरबाईंच्याच सांगण्यावरून. त्या म्हणाल्या, तुमच्यासारखे पुष्कळ लोक बोटांना मुंग्या येतात म्हणून वर्षं काढतात, त्यांच्यासाठी लिहा. मी लेखक नाही. दादरच्या एका शाळेत प्रयोगशाळा सहायक होतो. परीक्षानळ्या धुतल्या, ब्यूरेट भरून ठेवले, मुलांच्या जर्नलमध्ये उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान हे मथळे नीट आहेत का ते पाहिलं. तेव्हा जमेल तसं, त्याच क्रमाने सांगतो.

सुरुवात मुंग्यांनीच झाली. सकाळी उठल्यावर उजव्या हाताची बोटं झोपलेली असायची, पुढे डाव्याचीही. आमच्या लालबागच्या गल्लीतल्या डॉक्टरांनी व्हिटॅमिनच्या गोळ्या दिल्या. त्यांना दोष देत नाही, मी त्यांना फक्त मुंग्याच सांगितल्या होत्या.

शर्टाची बटणं लागेनाशी झाली, हे त्यांना सांगितलं नाही. मी टी-शर्ट घालायला लागलो. केतकीला वाटलं बाबा निवृत्तीनंतर हौशी झाला, तिने आणखी तीन आणून दिले. माझी सही बदलली. कढईतून भाजी वाढताना पळी हातातून सुटायला लागली. मी तिला दोष दिला, म्हटलं दांडा गुळगुळीत झालाय.

एकदा खालून दूध घेऊन आलो तर आमच्या शेजारच्या परबवहिनी दारातच उभ्या होत्या. माझ्या पायांकडे बघून म्हणाल्या, "भावजी, चप्पल खंय तुमची?"

मी खाली पाहिलं. एका पायात चप्पल होती, दुसऱ्यात नव्हती.

"जिन्यार रवली ती. तुमका समाजला नाय?"

मला खरंच समजलं नव्हतं. मी हसलो, परत जाऊन चप्पल घेऊन आलो. त्या हसल्या नाहीत.

म्हणजे निरीक्षणं भरपूर होती. अनुमान काढायचं मी टाळलं, कारण घरात दुसरं मोठं काम चालू होतं. केतकीची जर्मनीतल्या एका कंपनीत निवड झाली होती. पूल बांधणारी कंपनी. व्हिसा आला होता. लालबागच्या चाळीतल्या खोलीतून पोरगी पूल बांधायला निघाली होती, आणि मी माझ्या बोटांच्या मुंग्या काढून बसू? ती जाईपर्यंत ढकलू, मग बघू, असं ठरवून टाकलं.

आता काट्यांचं सांगतो, नाहीतर हा माणूस घोडीएवढ्या मुलीला मासा निवडून का देतो असं वाटेल.

सुजाता, माझी बायको, गेली तेव्हा थोरली मनाली आठवीत होती आणि केतकी दुसरीत. मेंदूज्वर. चार दिवसांत सगळं आटोपलं. गावाहून माझा भाऊ आला, म्हणाला, पोरींना वेंगुर्ल्याला पाठव, पुरुषाच्या हातून मुली वाढत नसतात. मी नाही म्हणालो. बाणेदारपणे वगैरे नाही. मुली गेल्या असत्या तर संध्याकाळी शाळेतून सुटल्यावर मी कुठे जायचं ते मला सुचत नव्हतं, एवढंच.

स्वयंपाक शिकलो. वेण्या शिकलो, एक घट्ट आणि एक सैल. मनालीला पहिल्यांदा पाळी आली तेव्हा केमिस्टकडून पाकीट आणलं ते वर्तमानपत्रात गुंडाळून, शिवाय काळ्या पिशवीत घालून. ती म्हणाली, "बाबा, चोरी करून आणलंस का?" पुढच्या वेळी तसंच हातात धरून आणलं, सगळ्या चाळीसमोरून.

मासे सुजाताच निवडून द्यायची. ती गेल्यावर पहिल्यांदा बांगडे आणले तेव्हा दोन्ही मुली ताटाकडे बघत बसल्या. काटे कसे काढायचे त्यांना माहीत नव्हतं, आणि ते कोण काढायचं त्याचं त्या वेळी कुणालाच नाव घ्यायचं नव्हतं. मी केतकीचं ताट ओढलं आणि काढायला लागलो. काटे डोळ्यांना दिसत नाहीत, बोटांना लागतात. अंगठा दाबत न्यायचा, मऊ मऊ, मऊ मऊ, टोचला की उपटायचा. त्या दिवसापासून बुधवार, रविवार हे माझं काम झालं. अभ्यास, फॉर्म, बँक, गॅस, सगळं त्यांनी स्वतः करायचं, ही आमच्या घराची शिस्त. आपलं आपण. मासा तेवढा सुटला. मनाली पुढे लग्न होऊन पुण्याला शाकाहारी घरात पडली, तिचा प्रश्न मिटला. केतकी राहिली.

लोक मला खंबीर म्हणायचे. चाळीच्या पूजेला शाल-श्रीफळ दिलं, "आईची माया आणि बापाची शिस्त" असं काहीतरी माइकवरून बोलले. मनाली बँकेत मोठी अधिकारी, केतकी इंजिनिअर. काय जादू केलीत, म्हणून विचारायचे. मी काहीच केलं नव्हतं. सुजाता गेल्यावर मी आतून बधीर झालो आणि बधीर माणूस काम चांगलं करतो. दमणूक लागत नाही.

एमआरआय परळला झाला. ज्यांना पुढे करायचा आहे त्यांच्यासाठी सांगतो, दुखत काही नाही. अरुंद नळकांड्यात निजवतात, कानांवर हेडफोन देतात, तरी रस्ता खोदल्यासारखा आवाज येतोच. हलायचं नाही, एवढंच काम. मला ते सहज जमलं. तिथली बाई म्हणाली, "इतकं शांत कुणी पडत नाही." मी विशेष काही केलं नव्हतं.

मग मणक्याचे सर्जन. बाहेरच्या बाकांवर गळ्यात पट्टे घातलेली माणसं एका रांगेत, सगळी सरळ समोर बघणारी. मान वळवता येत नसल्यामुळे कुणी कुणाशी बोलत नव्हतं. केतकी लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली होती, पण पडदा काळा झाला तरी तिला कळलं नाही.

डॉक्टरांनी मला मूठ उघडझाप करायला लावली, भरभर. माझी बोटं थंडीत आखडल्यासारखी उघडत होती. मधल्या बोटाच्या नखाला त्यांनी टिचकी मारली, तर अंगठा आपोआप वाकला. मी वाकवला नव्हता. एका रेषेत, टाचेला अंगठा लावून चाला म्हणाले. दुसऱ्याच पावलाला केतकीने मला धरलं.

"सर्व्हायकल मायलोपथी," डॉक्टर म्हणाले. सर्व्हायकल म्हणजे मानेचं, मायलोपथी म्हणजे मज्जारज्जूचा आजार. "मेंदूकडून हातापायांना जाणारी मुख्य वायर मानेच्या मणक्यांमधून जाते. वयामुळे तुमची ती जागा अरुंद झालीय. वायर दाबली गेलीय, तीही एकाहून जास्त ठिकाणी."

"माझी मान कधीच दुखली नाही," मी म्हणालो.

"पुष्कळांची दुखत नाही. म्हणूनच उशीर होतो."

हे वाक्य वाचणाऱ्यांनी लक्षात ठेवा. मान दुखत नसते. बटण लागत नाही, अक्षर बदलतं, चप्पल सुटते, आणि आपण म्हणतो वय झालं.

"ऑपरेशन केलं की बोटं पहिल्यासारखी होतील?"

"काका, खोटं सांगणार नाही. ऑपरेशन आहे ते राखण्यासाठी असतं. गेलेलं परत आलं तर आपला फायदा. किती येईल, ते आज कुणीच सांगू शकत नाही."

"महिनाभर थांबलं तर? ही जर्मनीला जायची आहे."

डॉक्टरांनी केतकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "रस्त्यात कुणाचा धक्का लागला, बाथरूममध्ये पाय सरकला, तर मानेखालचं सगळं एका झटक्यात जाऊ शकतं. हात, पाय, लघवीवरचा ताबा, सगळं. तेव्हा ही कुठे असेल?"

मला काही वाटलं नाही. हे वाचताना खोटं वाटेल, पण टेबलावर प्लास्टिकचा मणका होता आणि आमच्या शाळेतला याच्यापेक्षा चांगला होता, असं माझ्या मनात आलं. केतकीने माझ्या वतीने विचारलं, "लवकरात लवकर कधी?"

घरी आल्यावर तिने कंपनीला फोन लावला. इंग्रजीत बोलत होती, पण 'फादर' आणि 'सर्जरी' एवढं मला कळलं. दोन महिने पुढे ढकलायला ते तयार झाले. मी म्हटलं चला, बरं झालं. त्यावर ती शांतपणे म्हणाली, "दोन महिन्यांचा प्रश्नच नाही. मी जात नाही."

मला राग आला. खूप दिवसांनी काहीतरी वाटलं ते हेच. म्हणालो, "डोकं फिरलंय का तुझं? माझ्यासाठी थांबायचं नाही. परबवहिनी आहेत, चाळ आहे, मी बघून घेईन."

मनाली ऑपरेशनच्या आधी पुण्याहून आली. जेवणं झाल्यावर आम्ही तिघं खोलीत बसलो होतो. मला वाटलं थोरली समजूतदार आहे, धाकटीला चार शब्द सुनावेल.

केतकीच म्हणाली, "बाबा, मी काय करायचं ते मी तुला विचारत नाहीये. तुला काय वाटतं ते विचारतेय."

"मला काय वाटायचंय?"

"बघ," मनाली म्हणाली. "हेच. माझ्या लग्नातही हेच." मग माझ्याकडे वळली. "बाबा, पाठवणीच्या वेळी मी गाडीत बसले. वळून बघितलं. सगळे रडत होते, परबकाकी तर हुंदके देत होत्या. तू कुठे होतास? डेकोरेटरच्या माणसाला खुर्च्या मोजून देत होतास."

"आठ कमी होत्या," मी म्हणालो.

मनालीला हसू फुटलं. हसता हसताच ती रडायला लागली. केतकी उठून मोरीत भांडी घासायला बसली, नळ मोठा सोडून. मी दोघींच्या मधे बसून होतो. काहीतरी बोलायला हवं होतं हे कळत होतं. तोंड उघडलंही. औषधांची पिशवी कुठे ठेवलीय, एवढंच विचारलं.

माझी बाजूही ऐका. एकट्याने पोरं वाढवणाऱ्याला एक भीती असते, ती दोघं असणाऱ्यांना कळणार नाही. पोरांना जर कळलं की आपण त्यांच्यावर किती टेकलोय, तर त्यांचे पाय अडकतात. मनालीला बारावीनंतर पुण्याचं कॉलेज मिळालं तेव्हा ती म्हणाली होती, इथेच घेऊ का ॲडमिशन, तू एकटा पडशील. मी म्हणालो, मला काय धाड भरलीय, जा. ती गेली, शिकली, चमकली. माझ्या दृष्टीने प्रयोग यशस्वी झाला होता.

ऑपरेशनचं नाव लॅमिनेक्टॉमी. मणक्यांना मागच्या बाजूने हाडाची कमान असते, ती काढून मज्जारज्जूला ऐसपैस जागा करून द्यायची. मानेच्या मागून चिरतात. आदल्या दिवशी न्हावी येऊन मानेवरचे केस साफ करून गेला. भूल देणारे डॉक्टर येऊन दातांची चौकशी करून गेले. मुली दोन्ही बाजूंना उभ्या होत्या. मनाली कुलदैवताचं नाव घेत होती. केतकी माझा हात धरून होती. तिने तो धरलाय हे मला बघून कळलं.

मग काही नाही. मग कुणीतरी लांबून, "काका, पाय हलवा," म्हणत होतं. मी हलवले असावेत, कारण तो आवाज "गुड" म्हणाला. "मूठ करा." केली. "घट्ट." हीच घट्ट, मी म्हणालो, पण शब्द बाहेर आले नाहीत, घशात नळी होती.

आयसीयूमधले दिवस सांगण्यासारखे नाहीत. दिवा सतत चालू. छताला चौकोनी पांढऱ्या पट्ट्या, त्यातली एक थोडी सरकलेली. गळ्यात कडक पट्टा, त्यामुळे बघायला तेवढंच. दुखत होतं, पण दुखणं शेजारच्या खाटेवर असल्यासारखं होतं. मुली वेळेत येत, वेळेत जात, नर्सला नेमकं विचारत, औषधं बरोबर आणत. एक डॉक्टर म्हणाले, "काय मुली आहेत काका! एक चूक नाही." मला अभिमान वाटायला हवा होता. त्या माझ्यावर वाकल्या होत्या, मी त्यांना बघत होतो. दोघींचे चेहरे अगदी माझ्यासारखे झाले होते, शाल-श्रीफळ घेताना फोटोत आहे तसे.

घरी आल्यावर फिजिओथेरपी सुरू झाली. डबाभर तांदळात वाटाणा, राजमा, कवडी, बोल्ट असलं काय काय टाकून ठेवायचं, डोळे मिटायचे आणि हात घालून एकेक ओळखून काढायचं. सुरुवातीला मला सगळे तांदूळच होते. मग उजव्या अंगठ्याला आग व्हायला लागली. मी घाबरलो, पण फिजिओथेरपिस्ट बाई खूश झाल्या. म्हणाल्या, "जाणीव परत येते ना, ती आधी अशी दुखत येते. पळवून लावू नका." काही आठवड्यांनी उजव्या हाताला राजमा आणि वाटाणा वेगवेगळे लागले. पाय ठाम झाले. डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मात्र तसंच राहिलं.

जर्मनीचं नाव घरात कुणी काढत नव्हतं. मनालीने फोनवर सांगितलं तेव्हा कळलं की कंपनीला पक्कं उत्तर द्यायची मुदत त्या आठवड्यात संपत होती.

त्याच आठवड्यात सर्जनकडे तपासणी होती. त्यांनी मूठ उघडझाप करून घेतली, रेषेवरून चालवलं. "पाय छान. उजवा हात माझ्या अंदाजापेक्षा चांगला. डावीकडच्या बोटांचं एवढंच राहील असं धरून चाला." मग म्हणाले, "तुम्ही आता एकटे राहू शकता. पडायचं तेवढं नाही." हे त्यांनी माझ्याकडे बघून सांगितलं, पण ऐकणारी केतकी होती.

आम्ही खाली आलो. ती टॅक्सी बोलवायला फोन काढत होती. हॉस्पिटलच्या आवारात एक कट्टा आहे, मी तिथे बसलो. ती म्हणाली, "दमलास?" मी नाही म्हणणार होतो. त्याऐवजी तोंडातून निघालं, "मला भीती वाटते."

तिने फोन खाली घेतला. "कसली? पडशील त्याची?"

"नाही. तू गेलीस की संध्याकाळी दार वाजणार नाही, त्याची." एकदा सुरू झाल्यावर मला थांबता येईना. "तुझा व्हिसा आला ना, तेव्हा मी पेढे वाटले. पण मला वाटलं होतं, नसता आला तर बरं झालं असतं. मनाली पुण्याला गेली तेव्हा मी महिनाभर तिचंही ताट मांडत होतो. तू बघायचीस. तू उचलून ठेवायचीस."

"आठवतंय," ती म्हणाली.

समोरून स्ट्रेचर गेला, वॉर्डबॉय "बाजू, बाजू" ओरडत गेला. आम्ही पाय आत घेतले.

"मी जात नाही म्हटलं तेव्हा तू नुसता रागावलास," केतकी म्हणाली. "मला वाटलं होतं, एकदा तरी म्हणशील, थांबतेयस ते बरं झालं. आम्हाला दोघींना नेहमी वाटतं, आपण म्हणजे बाबाचं पार पाडायचं काम. एक पुण्याला मार्गी लागलं, दुसरं जर्मनीला लागलं की सुटला."

"हे सगळं आधी बोललो असतो तर तू जायचं नावच काढलं नसतंस."

"गेले असते, बाबा." ती माझ्याकडे बघत नव्हती, फाटकाच्या दिशेने बघत होती. "कधीच गेले असते. आपण कुणाला तरी हवे आहोत हे माहीत असलं की माणूस आरामात जातो."

मी म्हणालो, "जाऊ नकोस असं वाटतंय मला. आणि जा."

तिने त्याच दिवशी कंपनीला होकार कळवला.

ज्यांनी एकट्याने मुलं वाढवली किंवा वाढवतायत त्यांना सांगायचं ते एवढंच की अंग काय सांगतंय ते लपवू नका, मुलांच्या भल्यासाठी तर मुळीच नाही. मुलं लपवणं आधी शिकतात, बाकीचं नंतर. माझी बोटं आणखी वर्षभर आधी दाखवली असती तर डावा हातही वाचला असता, असं सर्जन म्हणाले. त्या घशाच्या डॉक्टरबाईंना मी दोनदा भेटून आलो. त्यांनी नळ चालू ठेवून मला डोळे मिटायला सांगितलं नसतं तर आज मी कुठल्या खाटेवर असतो कोण जाणे. परबवहिनी सकाळ-संध्याकाळ डोकावतात, आणि मी आता, काही हवं का विचारलं तर हवं असल्यास हो म्हणतो. सुरुवातीला त्याच दचकायच्या.

केतकीचं विमान दुपारचं होतं. मनाली आणि मी सोडायला गेलो. आत जायच्या दाराशी ती मनालीच्या गळ्यात पडली, मग माझ्या. माझ्या मानेला धक्का लागू नये म्हणून तिने मला पाठीला धरलं. मग ट्रॉली ढकलत आत गेली. काचेतून दिसत होती तोवर वळून वळून बघत होती, आणि मी तिथेच होतो. कुणाला काही मोजून देत नव्हतो.

ती दिसेनाशी झाली. मी भर रस्त्यात, ट्रॉल्यांच्या गर्दीत, मोठमोठ्याने रडायला लागलो. सुजाताच्या वेळचं होतं की मनालीच्या पाठवणीचं की आत्ताचं, मला वेगळं करता येत नव्हतं. लोक वळून बघत होते. मनालीने माझा दंड धरला, पण गप्प हो म्हणाली नाही.

दारावरचा बंदूकवाला शिपाई जवळ आला. म्हणाला, "अंकल, आप ठीक हैं?"

"नहीं," मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. मग आपली खुर्ची ओढून माझ्यामागे आणून ठेवली आणि म्हणाला, "बैठिए."

मी बसलो.